धोबी कधी जातो?

करडा धोबी कोकणात कधी येतो, हे आमच्या गावातल्या पुष्कळांना सांगता येते. पावसाचा जोर ओसरतो, पऱ्याचे गढूळ पाणी निवळू लागते आणि एखाद्या सकाळी पाण्यातल्या दगडावर शेपटी सतत खालीवर हलवणारा, पाठीवर राखी आणि पोटाखाली पिवळा असा सडपातळ पक्षी हजर होतो. तो कधी जातो, हे मात्र विचारले तर प्रत्येक जण थोडा अडखळतो. येण्याची खूण मनात राहते, जाण्याची राहत नाही, हे त्याचे एक कारण आहे. पण मला वाटते, आणखीही एक आहे. येण्यामागचे कारण आपल्याला सहज पटते. हिमालयात आणि त्याच्या पलीकडे थंडी पडणार, किडे संपणार, म्हणून पक्षी दक्षिणेकडे सरकणार. जाण्याचे कारण मात्र येथे उभे राहून शोधू लागलो तर हाती काही लागत नाही. मार्च महिन्यात सावलीतल्या पऱ्याला पाणी असते, आगरात शिंपण चालू असते, किड्यांना तोटा नसतो. ज्या डोंगरओढ्याच्या काठी या पक्ष्याला घरटे बांधायचे आहे तो शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूर आहे, आणि तेथले बर्फ यंदा वितळले की नाही याची कोणतीही वार्ता कोकणाच्या किनाऱ्यावर पोहोचत नाही. तरीही तो जातो, आणि दर वर्षी साधारण त्याच सुमारास जातो.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्थलांतराची वेळ आनुवंशिक असते, हे विधान आता इतके रुळले आहे की ते वाचताना आपण थांबत नाही. बहुतेक लेखन उत्तरेकडच्या लोकांनी केलेले असल्याने त्यात पक्षी शरद ऋतूत निघतो आणि वसंतात परततो, आणि मधले महिने कोठेतरी दक्षिणेत घालवतो. आपण त्या ‘कोठेतरी’मध्ये राहतो. येथून पाहिले की प्रश्नाचा भार बदलतो, कारण हिवाळ्याच्या या टोकाशी बाहेरचे संकेत सर्वांत दुबळे असतात आणि म्हणून आतून काय चालते हे सर्वांत स्पष्ट दिसायला हवे.

संकेत किती दुबळे, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. रत्नागिरीच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा १३ तासांहून किंचित मोठा असतो. फेब्रुवारीच्या आरंभापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत येथला दिवस तासभरही वाढत नाही. याच दोन महिन्यांत दक्षिण जर्मनीत तो तीन तासांहून अधिक वाढतो. तापमानाचे म्हणाल, तर आपल्याकडची थंडी लहरी असते, हे आंबा बागायतदाराइतके कोणाला ठाऊक असणार? हापूसचा मोहोर तिच्या भरवशावर येतो, थंडी लांबली की मोहोर लांबतो आणि साऱ्या वर्षाचा हिशेब कोलमडतो. झाडाला उशीर परवडतो, किंवा निदान झाड त्यातून तगते. अठरा-वीस ग्रॅम वजनाच्या पक्ष्याने कोकणातल्या हवेवर विसंबून उत्तरेकडच्या वसंताचा अंदाज बांधायचा म्हटले तर तो दर दुसऱ्या वर्षी चुकेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस योहान आंद्रेआस नाउमान या जर्मन निरीक्षकाने पाहिले होते की पिंजऱ्यातले स्थलांतरी पक्षी ठरावीक ऋतूत रात्री अस्वस्थ होतात. एरवी रात्री झोपणारा पक्षी काठीवर उड्या मारतो, पंख फडफडवतो, आणि हंगाम संपला की शांत होतो. या तगमगीतूनच पुढचे सारे संशोधन निघाले, कारण ती मोजता येते: काठीखाली एक स्विच बसवला की कोणत्या रात्री किती उड्या, याची नोंद आपोआप होते. १९६०च्या दशकात जर्मन पक्षिशास्त्रज्ञ एबरहार्ड ग्विनर यांनी विलो वटवट्यांना अशा खोलीत ठेवले जेथे बारा तास उजेड आणि बारा तास अंधार कधीही बदलत नसे. बाहेरच्या ऋतूंचा कोणताही माग नसताना त्या पक्ष्यांनी वेळ आली तेव्हा पिसे बदलली, चरबी साठवली आणि रात्री तगमग केली. पुढे ग्विनर आणि पीटर बर्टहोल्ड यांनी ब्लॅककॅप (युरोपातला काळ्या टोपीचा वटवट्या) आणि बागेतला वटवट्या यांना अनेक वर्षे अशाच स्थितीत ठेवून पाहिले. चक्र चालूच राहिले, पण ते बारा महिन्यांचे न राहता साधारण दहा महिन्यांचे झाले, त्यामुळे दर वर्षी ते बाहेरच्या ऋतूंपासून पुढे पुढे सरकत गेले. माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सर्वांत सुंदर पुरावा हाच आहे. चक्र अगदी बारा महिन्यांचे राहिले असते तर कोणीही म्हणाले असते की भिंतीतून कोठून तरी पृथ्वीच्या फेऱ्याचा सुगावा लागत असेल. दहा महिन्यांचे वर्ष बाहेर कोठेच नसते, ते पक्ष्याच्या आतूनच आलेले असणार.

हे आतले वर्ष पिढीजात कसे चालते, याचा विचार करताना मला आमच्या भागातली पंचांगे आठवतात. रत्नागिरीकडे काही घरे टिळक पंचांग पाळतात आणि शेजारची घरे दाते पंचांग. एकाच्या घरी संक्रांत १० जानेवारीला असते, दुसऱ्याच्या घरी १४ किंवा १५ जानेवारीला. एखाद्या वर्षी अधिक मास निराळा धरला गेला तर एका घरचे गणपती दुसऱ्या घराच्या महिनाभर आधी बसतात. सूर्याच्या नक्षत्रांतही चार दिवसांचा फरक पडतो. आमच्या शेजारचे भाऊ मला एकदा म्हणाले, “उत्तरा लागली की धोबी येतोच, बघा तुम्ही.” मी विचारले, “भाऊ, कुठल्या पंचांगातली उत्तरा हो?” त्यावर ते हसून म्हणाले, “आमच्या घरातली!” कोणत्या घरी कोणते पंचांग, हे आज कोणी आकाश पाहून ठरवत नाही, ते वाडवडिलांकडून आलेले असते. एका गावात, एकाच सूर्याखाली, वारशाने मिळालेल्या तारखा किंचित वेगळ्या असतात, आणि पक्ष्यांच्या एखाद्या समूहाची स्थिती बरीचशी अशीच आहे. सगळे एका दिवशी निघत नाहीत. लवकर निघणाऱ्यांची पिल्ले लवकर निघू पाहतात, उशिरा निघणाऱ्यांची उशिरा, आणि ज्यांना जन्मापासून माणसाच्या हातून भरवून वाढवले, ज्यांनी आईबापांना जाताना कधीही पाहिले नाही, अशा पिल्लांतही ही प्रवृत्ती टिकते.

एका ठिकाणी मात्र पंचांग आणि पक्षी यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि तेथेच आनुवंशिकतेचे खरे स्वरूप कळते. टिळक पंचांगाच्या घरातली मुलगी दाते पंचांगाच्या घरी गेली तर ती सासरची संक्रांत पाळते. १० आणि १४च्या मधली १२ जानेवारी कोणी पाळत नाही. पक्ष्यांत मधले उत्तर निघते. बर्टहोल्ड आणि त्यांचे सहकारी उल्रिख क्वेर्नर यांनी दक्षिण जर्मनीतल्या दूर जाणाऱ्या ब्लॅककॅपचा कॅनरी बेटांवरच्या, फारसे स्थलांतर न करणाऱ्या ब्लॅककॅपशी संकर केला आणि १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: संकरित पिल्लांची रात्रीची तगमग दोन्ही कुळांच्या मधोमध पडली. असे मधले उत्तर एकाच जनुकाच्या ‘असणे-नसणे’तून सहसा मिळत नाही. त्यामागे अनेक जनुके असतात, प्रत्येकाचा थोडथोडा हातभार असतो, आणि पिल्लाच्या वाट्याला त्यांची बेरीज येते.

बर्टहोल्ड यांनी पुढे दक्षिण फ्रान्समधल्या अशा समूहातले ब्लॅककॅप घेतले ज्यांतले काही स्थलांतर करतात आणि काही तेथेच राहतात. तगमग करणाऱ्यांची जोडी तगमग करणाऱ्यांशी आणि शांत राहणाऱ्यांची शांत राहणाऱ्यांशी लावत गेल्यावर तीन पिढ्यांत एका बाजूला सर्व पक्षी स्थलांतरी झाले आणि सहा पिढ्यांत दुसऱ्या बाजूला सर्व पक्षी स्थायिक झाले. माझ्या प्रश्नाच्या अधिक जवळचा प्रयोग फ्रान्सिस्को पुलिदो यांचा आहे. त्यांनी जाण्याची इच्छा बाजूला ठेवून नेमकी वेळ निवडली. शरद ऋतूत ज्यांची तगमग उशिरा सुरू होते अशाच ब्लॅककॅपना पैदाशीसाठी ठेवले, आणि केवळ दोन पिढ्यांत समूहाची सुरुवात आठवड्याहून अधिक उशिरा होऊ लागली. २००१ साली हे प्रसिद्ध झाले. निघण्याच्या तारखेत जो फरक दिसतो त्यातला बराच मोठा वाटा वारशाचा आहे, असे त्यातून ठरले. उरलेला वाटा त्या वर्षीच्या अन्नाचा, पक्ष्याच्या प्रकृतीचा, तो कधी जन्मला याचा. उशिरा जन्मलेले पिल्लू आपला कार्यक्रम थोडा घाईने उरकते, हेही या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून ‘आनुवंशिक’ याचा अर्थ ‘अचल’ असा घेणाऱ्यांशी माझे जमत नाही.

हिवाळ्यात आमच्या सड्यावर, गडग्याच्या चिऱ्यांवर किंवा सुकल्या गवताच्या टोकावर गप्पीदास बसलेला असतो. त्याचे सैबेरियन भाईबंद कझाकस्तानापर्यंत आणि त्याही पलीकडे प्रजनन करतात. याच कुळातला आफ्रिकी गप्पीदास विषुववृत्ताजवळ बारमाही राहतो, त्याला कोठेही जायचे नसते. बार्बरा हेल्म आणि ग्विनर यांनी अशा स्थायिक आफ्रिकी पक्ष्यांना वाढवून त्यांच्या रात्री मोजल्या आणि २००६ साली दाखवून दिले की तेही ठरावीक काळात सौम्य तगमग करतात. ज्याच्या वाडवडिलांनी बहुधा कित्येक पिढ्या डोंगर सोडला नाही, त्याच्याही आत जाण्याचा कार्यक्रम मंद स्वरूपात शिल्लक आहे. हे वाचल्यापासून ‘स्थलांतरी’ आणि ‘स्थायिक’ या दोन पेट्यांत पक्षी भरणे मला जरा उतावळेपणाचे वाटते. जनुकांच्या पातळीवर अंतर बहुधा कमीअधिकाचे असते.

मग ती जनुके कोणती? येथे वृत्तपत्रांतले मथळे आणि वस्तुस्थिती यांच्यात मोठी तफावत पडते. दर काही वर्षांनी ‘स्थलांतराचे जनुक सापडले’ अशी बातमी येते आणि मी ती आता सावधपणे वाचतो. पहिला संशय साहजिकच ‘क्लॉक’ नावाच्या जनुकावर गेला, कारण दिवसरात्रीचे जैविक घड्याळ चालवणाऱ्या यंत्रणेत त्याचे स्थान मध्यवर्ती आहे. या जनुकाच्या एका भागात ग्लुटामिन या अमिनो आम्लाची सांकेतिक अक्षरे ओळीने पुन्हा पुन्हा येतात, आणि ती ओळ काही पक्ष्यांत लांब तर काहींत आखूड असते. युरोपातल्या निळ्या टिट या लहान पक्ष्यांत उत्तरेकडे जावे तशी ही ओळ लांब होत जाते, असे २००७ साली दिसले, आणि एका अभ्यासात आखूड ओळीच्या माद्या लवकर अंडी घालताना आढळल्या. त्याच पद्धतीने ग्रेट टिट तपासले तर असे नाते दिसले नाही. दुसरे जनुक एडीसीवायएपी-१. त्यातून तयार होणारे प्रथिन मेंदूत मेलाटोनिन या रात्री स्रवणाऱ्या संप्रेरकाच्या स्रावाशी आणि शरीरातील ऊर्जेच्या वापराशी निगडित आहे. २०११ साली जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या गटाने दाखवले की ब्लॅककॅपमध्ये या जनुकाचे लांब रूप असलेले पक्षी अधिक तगमग करतात. नाते खरे होते, पण एकूण फरकातला फारच लहान हिस्सा त्याने स्पष्ट होत होता. उत्तर अमेरिकेतल्या जांभळ्या मार्टिन या पाकोळीसारख्या पक्ष्याच्या पाठीवर उजेड नोंदवणारी चिमुकली यंत्रे बसवून त्यांच्या खऱ्या प्रवासाच्या तारखा आणि संपूर्ण जनुकसंच यांची तुलना अलीकडे झाली, तीतही वेळेशी नाते असलेले जनुकसंचाचे भाग मिळाले, पण सगळी वेळ एकहाती सांभाळणारा धनी मिळाला नाही. संकरित ब्लॅककॅपचे मधले उत्तर चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी जे सुचवत होते, त्याच्याशी हे जुळते.

शिवाय जनुक असणे आणि ते योग्य वेळी चालू होणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी उजेड लागतो. या बाबतीत आपल्या देशात फार चांगले काम झाले आहे. भात कापून झाल्यावर रिकाम्या खाचरांत आणि माळांवर भारीट पक्ष्यांचे थवे दाणे टिपताना दिसतात. त्यांतला काळ्या डोक्याचा भारीट पश्चिम आशिया आणि आग्नेय युरोपात प्रजनन करून हिवाळ्यासाठी पश्चिम भारतात येतो. विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लखनऊ आणि नंतर दिल्ली येथे या पक्ष्यावर अनेक दशके प्रयोग केले. आठ तासांच्या दिवसात ठेवलेला भारीट जसाच्या तसा राहतो. दिवस मोठा केला की काही आठवड्यांत तो लठ्ठ होतो, त्याची जननग्रंथी वाढते आणि एरवी दिवसा वावरणारा हा पक्षी रात्री जागू लागतो. पक्षी हा उजेड केवळ डोळ्यांनी मोजत नाहीत. कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूच्या खोल भागातल्या पेशी टिपतात.

यातून आपल्या अक्षांशाचे कोडे थोडे सुटते. भारीटाच्या शरीराला जाग आणणारी दिवसाची लांबी बारा तासांच्या आसपास आहे, आणि कोकणातला दिवस बारा तासांची रेषा मार्चच्या पूर्वार्धात ओलांडतो. दोन महिन्यांत वाढणारा जेमतेम तासभर उजेड पुरतो, कारण वारशाने मिळालेली रेषा नेमकी त्या तासात आखलेली असते. विषुववृत्तावर हिवाळा घालवणाऱ्या वटवट्याला एवढाही आधार नसतो, त्याला दहा महिन्यांच्या आतल्या वर्षावरच निघावे लागते. कोकण या दोहोंच्या मधे पडते. आणि एकाच बांधावरून उडणारे धोबी, वटवटे आणि भारीट आतले वर्ष आणि बाहेरचा उजेड यांना सारखेच वजन देत असतील, असे मानायला मला कारण दिसत नाही.

रेषा वारशाने आखलेली असली की तिचे नुकसानही वारशाने येते. नेदरलँड्समधले पाइड फ्लायकॅचर हे किडे टिपणारे छोटे पक्षी आफ्रिकेत हिवाळा काढून परततात आणि ओकच्या जंगलात सुरवंटांची चंगळ असते त्या दिवसांत पिल्ले वाढवतात. हवामान तापले, सुरवंट लवकर येऊ लागले. क्रिस्टियान बोट आणि मार्सेल फिसर यांनी २००१ साली दाखवले की वीस वर्षांत हे पक्षी अंडी आधीपेक्षा लवकर घालू लागले, पण परत येण्याची तारीख हलली नाही; येणे आणि अंडी घालणे यांतला विसाव्याचा काळ तेवढा आकसला. आफ्रिकेत असताना त्यांना युरोपातला वसंत लवकर आल्याचे कळत नव्हते, म्हणजे त्यांचीही अडचण आमच्या पऱ्यावरच्या धोब्यासारखीच होती. ज्या जंगलांत सुरवंट सर्वांत लवकर येऊन संपत होते तेथे या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली, असे २००६ साली त्याच गटाने नोंदवले.

येथे गोष्ट संपली असती तर आनुवंशिकतेला दोष देऊन मोकळे होता आले असते. ग्विनर यांनी मात्र १९८१ साली जर्मनीतल्या पाइड फ्लायकॅचरची पिल्ले प्रयोगशाळेत आफ्रिकेतल्या दिवसमानाच्या नकलेत वाढवून त्यांच्या हिवाळ्याचे आणि वसंताचे वेळापत्रक नोंदवून ठेवले होते. २००२ साली त्याच समूहातली पिल्ले, त्याच दिवसमानात, पुन्हा वाढवण्यात आली. उजेड तोच, अन्न तेच, आणि तरीही दुसऱ्या वेळी वसंतातला कार्यक्रम सुमारे नऊ दिवस आधी सुरू झाला. हेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पक्षी काही शिकले नव्हते; बहुधा उशिरा निघणाऱ्यांची पिल्ले कमी जगली होती आणि लवकर निघणाऱ्यांची अधिक, त्यामुळे समूहाची वारशाने आलेली तारीखच सरकली होती. एकवीस वर्षांत नऊ दिवस हा वेग थक्क करणारा आहे. त्याच वेळी, त्या नऊ दिवसांची किंमत किती घरट्यांतल्या उपाशी पिल्लांनी मोजली असेल, हा हिशेबही मनातून जात नाही. पंचांगातली निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली, नक्षत्रे ऋतूंच्या तुलनेत साधारण ७१ वर्षांत एक दिवस मागे पडतात, आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही.

आपल्याकडे या कामाला लागणारा पहिला कच्चा माल म्हणजे तारखा. २००७ साली ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला आणि देशभरातल्या हौशी निरीक्षकांनी हिवाळी पाहुण्यांच्या तारखा नोंदवायला आरंभ केला. त्या नोंदी पुढे ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर गेल्या. पहिल्या दर्शनाच्या तारखा लोक हौसेने कळवतात. शेवटच्या दर्शनाची तारीख देणे अवघड असते, कारण ज्या दिवशी आपण पक्षी शेवटचा पाहतो त्या दिवशी तो शेवटचा आहे हे आपल्याला कळत नाही. ते पुढच्या रिकाम्या दिवसांवरून मागाहून ठरते. म्हणजे ‘आज धोबी दिसला नाही’ ही नोंद करावी लागते, आणि ती करण्यात कोणाला गंमत वाटत नाही. ‘ईबर्ड’वर यादी पूर्ण आहे का, असा एक साधा प्रश्न असतो, त्याला ‘होय’ म्हणता येईल अशी यादी दिली तर न दिसलेला पक्षीही आपोआप नोंदला जातो. मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यावरच्या बहुतेक निरीक्षकांचे लक्ष समुद्रपक्ष्यांकडे असते आणि पऱ्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. मी त्या महिन्यांत रोज एकच ठरलेला पऱ्याचा तुकडा, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटे पाहतो आणि यादी पूर्ण करून पाठवतो. भाऊंनीही आपल्या मळ्यापुरते हे काम अंगावर घेतले आहे. तारीख मात्र ते पंचांगाची सांगतात, आणि ती इंग्रजी महिन्यात बसवताना चार दिवसांचा फरक धरावा लागतो.